नानांची संध्याकाळ

नानांचा डबा उघडला की अजूनही आधी लोणच्याचा वास यायचा.

डबा खरा तर जेवणाचाच. देवासच्या कारखान्यात नानांनी नोकरीभर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली, आणि तेवढाच काळ हा स्टीलचा, कडी लावायचा डबा त्यांच्याबरोबर पाळीला गेला. निवृत्तीनंतर त्यांच्या बायकोने, अक्काने, तो भांडीवालीला द्यायला काढला, तर नानांनी तो तिच्या हातून परत घेतला, त्याच्या बाजूला भोकं पाडली आणि आत एक छोटा सर्किट बोर्ड, वायरींचं जंजाळ आणि आकडे दाखवणारी बोटभर काच बसवली. एक वायर कॅमेऱ्याला जायची. झाकणावर एक हिरवा दिवा होता, दर फोटोला मिचकायचा. मुलगी इरावती लग्न होऊन धारला गेल्यानंतरचा हा सगळा उद्योग. ती माहेरी आली की आधी अक्काच्या हातचा चहा आणि मग नानांच्या डब्याचं दर्शन, असा क्रमच पडून गेला होता.

नानांना एकच गोष्ट करायची होती. आपल्या गच्चीवरून समोर दिसणारी माताजीची टेकडी, उन्हापासून पार दिवे लागेपर्यंत, एका जागेवरून टिपायची आणि ती सगळी संध्याकाळ दोन-तीन मिनिटांत पळताना बघायची. ऐकायला सोपं आहे. कॅमेरा ठेवावा, काही सेकंदांनी एकेक फोटो काढत राहावं, सगळे ओळीने लावावेत, झाला टाइम-लॅप्स. पण अडचण उजेडाची. दुपारी कॅमेऱ्याची झडप डोळा मिचकावण्याइतकीच उघडावी लागते, आणि अंधारात तीच चांगली लांब श्वास घेईपर्यंत उघडी ठेवावी लागते. मधल्या वेळात उजेड क्षणाक्षणाने उतरत असतो. कॅमेऱ्यावरच सोडलं तर तो आपल्या मर्जीने एकदम टप्पे घेतो आणि फिल्म खराब ट्यूबलाइटसारखी फडफडते. नानांचा डबा प्रत्येक फोटो बघायचा, त्यात उजेड किती उतरला ते ताडायचा आणि पुढच्या फोटोला झडप अगदी किंचित जास्त उघडी ठेवायचा.

“माणसाच्या डोळ्यासारखं,” नाना म्हणायचे. “डोळा कधी सांगतो का, आता मी मोठा झालो म्हणून? आपलं आपल्याला कळतही नाही.”

हे सगळं ते हिंदी व्हिडिओ बघून शिकले होते, पण डब्याच्या प्रोग्राममध्ये त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द ठेवले होते. उजेडाच्या आकड्याला ‘ujed’ आणि दोन फोटोंमधल्या थांब्याला ‘vaat_bagh’. इरावतीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. ती धारच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. पण ‘वाट बघ’ वाचून तिला फार हसू आलं होतं, आणि नानांना तिच्या हसण्याचा अभिमान वाटला होता.

फक्त एवढंच की फिल्म काही होईना. दर थंडीत, हवा स्वच्छ झाली की नाना डबा गच्चीवर मांडत. संध्याकाळ सुरेख उतरत जाई, आणि ऐन दिवेलागणीला काहीतरी होई. आकाश एकदम काळं, मग एकदम पांढुरकं, परत काळं; जणू फिल्मला ठेच लागावी. नाना डबा खाली आणत आणि म्हणत, “सॉफ्टवेअर अटक गया.”

देवासच्या महाराष्ट्र समाजात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. दर वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात नाना फिल्म दाखवणार असत आणि दर वर्षी दाखवत नसत. समाजाचे चिटणीस गणपतराव रस्त्यात भेटले की लांबूनच हाक मारायचे, “क्यों बळवंतराव भिया, संध्याकाळ झाली का?” आणि नाना म्हणायचे, “अजून ऊन आहे!” लोक हसायचे. नानाही हसायचे. सगळ्यांत जास्त अक्का हसायची.

भाद्रपदात नाना गेले. पहाटे, झोपेत, कुणाला काही करायला न लावता.

दिवस झाल्यावर इरावती धारला निघाली तेव्हा अक्काने न विचारताच कॅमेरा आणि डबा तिच्या पिशवीत घातला. म्हणाली, “इथे नुसता धूळ खाईल.” रडली नाही. नाना गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. नानांबद्दल बोलायचीही नाही. विषय निघाला की उठून काहीतरी निवडायला घ्यायची. आलेल्या बायकांना हे खटकलं होतं, इरावतीला नुसती काळजी वाटत होती.

मग एक दिवस गणपतरावांचा फोन आला.

“चिऊ,” ते म्हणाले. इरावती चाळिशीला आली तरी त्यांच्या लेखी ती चिऊच होती. “संक्रांतीच्या कार्यक्रमात बळवंतरावांची आठवण म्हणून पाच मिनिटं ठेवली आहेत. फोटो लावतो, दोन शब्द बोलतो. आम्ही फार हसलो गं त्यांना. आता वाटून राहिलंय, उगीच हसलो.”

“फोटो नको, काका,” इरावती म्हणाली. “त्यांची संध्याकाळ दाखवते मी.”

“झाली ती?”

“होईल.”

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच बोलण्याची भीती वाटली. पण गणपतरावांचा तो मऊ पडलेला आवाज तिला सहन झाला नव्हता. नानांना लोक हसले तर चालत होतं. नाना त्यात सामील असायचे. नानांच्या बाबतीत कुणाला दया दाखवावी लागावी हे मात्र तिला नको होतं. ती फिल्म झालीच पाहिजे, एकही ठेच न लागता, आणि नानांच्या डब्यानेच.

तिने आधी धारलाच करून बघितलं. तिच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. एका रविवारी तिने ऊन असताना कॅमेरा मांडला, वायर जोडली, नानांनी फोनवर दहादा सांगितलं होतं तसं केलं आणि बाजूला बसून राहिली. हिरवा दिवा मिचकत राहिला. किल्ल्याचा लाल दगड तांबूस झाला, मग जांभळा, मग नुसता आकार उरला, आणि पायथ्याच्या वस्तीत दिवे लागत गेले. तिने ती फिल्म लॅपटॉपवर बघितली आणि बघतच राहिली. कुठेही ठेच नव्हती. दिवसाची रात्र झाली होती आणि कुठे झाली ते सांगता येत नव्हतं.

ती आनंदाने अक्काला फोन लावायला गेली आणि थांबली. डबा जर इतका शहाणा आहे, तर देवासला इतकी वर्षं त्याला झालं तरी काय होतं?

पुढच्या शनिवारी ती इंदूरवरून बस बदलून देवासला आली. धारची फिल्म अक्काला दाखवली. अक्काने ती शांतपणे बघितली.

“छान आहे. पण हा किल्ला झाला,” ती म्हणाली. “त्यांना टेकडी हवी होती.”

“म्हणूनच आले ना.”

गच्चीवर नानांनी ट्रायपॉडच्या पायांसाठी रंगाने तीन ठिपके काढून ठेवले होते. इरावतीने त्यावरच ट्रायपॉड उभा केला. समोर टेकडी, वर देवळं, खाली घरांची दाटी; आणि अगदी पुढे, कठड्यापाशी, आपलं तुळशीवृंदावन. ते चित्रात हवंच असा नानांचा हट्ट होता. “पुढे काहीतरी आपल्या घरचं पाहिजे,” ते म्हणायचे, “नाहीतर त्याचं कॅलेंडर होतं.”

संध्याकाळ उतरू लागली. झडप किती वेळ उघडी राहते ते दाखवणारे डब्यावरचे आकडे एकेक पाऊल चढत होते. सगळं धारसारखंच चाललं होतं. तेवढ्यात खालून खट्‌ असा बटणाचा आवाज झाला, जिन्याच्या तोंडावरचा बल्ब लागला, गच्ची उजळली, आणि अक्का हातात निरांजन घेऊन, एक हात कठड्याला धरून वर आली. तिने तुळशीपाशी दिवा ठेवला, हात जोडले, पुटपुटली, आणि इरावतीकडे बघून म्हणाली, “चहा ठेवते, ये खाली.”

इरावती डब्याकडे बघत होती. चढणारे आकडे एकदम कोसळले होते. मग थबकले, मग परत घाईघाईने चढू लागले.

अक्का झोपल्यावर इरावतीने नानांचा कॉम्प्युटर लावला आणि जुन्या फिल्म एकामागून एक बघितल्या. दर थंडीतल्या. प्रत्येकीत संध्याकाळ अलगद उतरत यायची, मग तुळशीची पानं एकदम पिवळी व्हायची, आणि त्या उजेडाने फसलेला डबा झडप घाईने आवरून घ्यायचा, की मागची टेकडी काळोखात बुडायची. एका फिल्ममध्ये अक्काचा हातच आला होता. हिरव्या बांगड्या, निरांजन. त्याच ठिकाणी ठेच.

यंत्रांचे दोष शोधण्यात ज्या माणसाचा जन्म गेला त्याला हे दिसलं नसेल, हे शक्य नव्हतं. पहिल्याच वर्षी दिसलं असणार.

आणि ते का बोलले नाहीत हेही इरावतीला तिथेच बसल्या बसल्या कळलं. अक्काला तिन्हीसांजेला कमी दिसायचं. एकदा ती दिवा घेऊन वर येताना जिन्यात पडली होती. मनगट मोडलं होतं. तेव्हा नानांनीच तो बल्ब लावला, त्याचं बटण जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आणलं आणि अक्काला दटावलं, “आधी बटण, मग पायरी. एक दिवस चुकलीस तर तुळस खाली नेऊन ठेवीन.” अक्का एक दिवस चुकली नाही. आता त्याच माणसाने कोणत्या तोंडाने म्हणायचं, की माझ्या फिल्मसाठी आज अंधारात ये? किंवा येऊच नकोस?

त्यापेक्षा त्यांनी सॉफ्टवेअरला बोल लावला होता. सबंध देवासला हसू दिलं होतं.

इरावतीपुढे आता तेच कोडं होतं, आणि नानांपेक्षा वाईट. फिल्म हवी तर अक्काला थांबवायला हवं. थांबवायचं तर कारण सांगायला हवं. आणि कारण सांगितलं तर अक्काला कळणार की दर वर्षी नानांची संध्याकाळ तिच्याच हाताने मोडत आली. तेही आता, जेव्हा चुकलं म्हणायलासुद्धा ते समोर नाहीत. तिने ठरवलं, काही झालं तरी हे सांगायचं नाही. काहीतरी युक्ती काढायची.

पुढच्या शनिवारी ती परत आली आणि तिने युक्त्या सुरू केल्या.

“अक्का, आज तुळशीपाशी मी दिवा लावते.”

“का? माझे हात मोडलेत?”

“तसं नाही. तू जरा बस. शेजारी वासंतीकाकूंकडे जाऊन ये ना, किती दिवसांत गेली नाहीस.”

अक्काने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “वर्ष व्हायचंय अजून. ऐन दिवेलागणीला मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? कॉलेजात हेच शिकवतेस का?”

मग इरावतीने एक गोष्ट केली, जी तिने करायला नको होती. दुपारी अक्काचा डोळा लागला असताना ती स्टुलावर चढली आणि जिन्यावरचा बल्ब अर्धा फिरवून सैल करून ठेवला. तिने मनाशी हिशेब केला तो असा, की बटण दाबून दिवा लागला नाही तर अक्का खालूनच हाक मारेल. मग आपण खाली जाऊ, निरांजन तिच्या हातून घेऊ, गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवू. एवढ्याशा ज्योतीने डबा फसणार नाही.

पण रोजची सवय हाक मारायला थांबत नाही. खट्‌ असा आवाज झाला, उजेड पडला नाही, आणि निरांजनाच्या प्रकाशात अक्का आपली वर निघाली. इरावतीला पाय घसरल्याचा आवाज आला, मग भांडं पायऱ्यांवरून खणखणत गेल्याचा. ती धावली. अंधारात अक्का मधल्या पायरीवर बसली होती, गुडघा धरून.

“अक्का! लागलं?”

“ओरडू नकोस. टेकले वेळेवर. तेल सांडलं सगळं, पाय जपून टाक.”

इरावतीने मोबाइलचा उजेड पाडला. गुडघा खरचटला होता, साडीला तेल लागलं होतं, बाकी ठीक होतं. इरावतीही तिच्याशेजारी पायरीवर टेकली.

“दिवा का नाही लागला?” अक्काने विचारलं.

“बल्ब उड़ गया होगा,” इरावती म्हणाली.

अक्काने सावकाश मान वळवली.

“या घरात,” ती म्हणाली, “खरं बोलताना कुणी हिंदीत बोलत नाही.”

इरावती मोबाइलचा उजेड सांडलेल्या तेलावर फिरवू लागली.

“तेही असंच करायचे. ‘हो जाएगा’ म्हणाले की मी समजायची, होणार नाही. ‘कुछ नहीं, गैस है’ म्हणायचे आणि छातीवर हात. जन्मभर ऐकलंय मी. सांग आता.”

“काय सांगू?”

“बल्ब कुणी काढला ते. आणि आज मला घराबाहेर काढायला निघाली होतीस ते.”

मग इरावतीने सांगितलं. पायरीवर बसून, मोबाइलच्या उजेडात, अक्काच्या गुडघ्याला पदर लावता लावता. बल्ब, तुळस, कोसळणारे आकडे, जुन्या फिल्म. शक्य तितकं हळू सांगितलं. हिरव्या बांगड्यांचं मात्र सांगितलं नाही.

खाली रस्त्यावरून एक टेम्पो भजन लावून गेला.

“म्हणजे दर वेळी मी,” अक्का म्हणाली.

“अक्का, तू मुद्दाम थोडीच—”

“तो गणपत हसायचा, तर त्याच्याहून जास्त मी हसायची. चहा पुढे ठेवताना विचारायची, झाली का संध्याकाळ? आणि हे म्हणायचे, अजून ऊन आहे.” तिचा आवाज चढला. “काय माणूस आहे! एक शब्द? एक शब्द तोंडातून काढायला काय झालं होतं? ‘आज जरा थांब गं’ एवढं म्हणायला जीभ झिजली असती?”

“तू ऐकलं नसतंस.”

“नसतंच ऐकलं! पण म्हणायचं तरी! मी भांडले असते. चांगली दोन दिवस भांडले असते. मग काहीतरी तोड निघाली असती. बसले तोंड मिटून, सॉफ्टवेअर अटक गया म्हणत. मेलं ते सॉफ्टवेअर!”

आणि अक्का रडू लागली. मोठ्याने, नाक ओढत, मधेच नानांना नावं ठेवत. त्यांनी आणलेली पातळ बुडाची कढई, त्यांचं लग्नात उशिरा पोचणं, त्यांनी न सांगितलेली सगळी दुखणी. जे जे आठवलं ते तिने त्या जिन्यात काढलं. इरावती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. इतके महिने ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं की काय, तिला कळेना. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कढईचं ऐकून हसूही.

शेवटी अक्काने पदराने तोंड पुसलं.

“फडकं आण. तेलावरून कुणी घसरायला नको.” आणि इरावती फडकं आणून पायरी पुसू लागली तेव्हा, “तो डबा नक्की कशाला घाबरतो? दिव्याला?”

“दिव्याला नाही. दिवा एकदम लागण्याला. आधी अंधार, मग अचानक उजेड, याने तो गोंधळतो.”

“मग अचानक लावायचाच नाही.”

“म्हणजे?”

“दुपारीच लावायचा. बल्ब पण, निरांजन पण. तुझं सुरू व्हायच्या आधी. मग काय अचानक राहिलं?”

इरावती हातात फडकं धरून तशीच उभी राहिली. तो दिवा उन्हात दिसणारच नाही. डबा त्याला पहिल्यापासून धरून चालेल. ऊन जसं उतरेल तसा तो आपोआप वर येईल. हे इतकं साधं होतं, आणि ते एकट्याला सुचण्यासारखं नव्हतं. कारण ते करायचं तर दिवा लावणारीला विचारावं लागत होतं.

“पण अक्का, दुपारी दिवा... चालतं?”

“तिन्हीसांजेला घरात दिवा तेवत असला पाहिजे. काडी तेव्हाच ओढली पाहिजे असं मला तरी कुणी सांगितलं नाही. तेल घालत बसेन मी. आधी तो बल्ब नीट बसव.”

दुसऱ्या दिवशी, टळटळीत ऊन असताना, गच्चीवर बल्ब लावला. तुळशीपाशी निरांजन लावलं आणि वाऱ्याने विझू नये म्हणून त्यावर जुन्या कंदिलाची काच ठेवली. अक्का पाट घेऊन वृंदावनाच्या आड बसली, शेजारी तेलाची बुधली, पायाशी निवडायला मेथी. शेजारच्या गच्चीवर वासंतीकाकू कपडे काढायला आल्या.

“अक्का, अहो बल्ब जळून राहिला तुमचा!”

“जळू दे.”

“आणि हा दिवा? भर उन्हात?”

“ह्यांचं काम चाललंय,” अक्का म्हणाली.

वासंतीकाकू काही न विचारता, आवाज न करता कपडे काढून खाली गेल्या.

हिरवा दिवा मिचकत राहिला. ऊन टेकडीच्या अंगावरून सरकत वर गेलं, देवळाच्या कळसावर थोडं रेंगाळलं आणि सुटलं. इरावतीची नजर आकड्यांवर खिळली होती. एका क्षणी तिला वाटलं, ते अडकले. आकाश उतरतंय आणि आकडा हलत नाही. तिचा हात आपोआप डब्याकडे गेला.

“हात,” अक्का म्हणाली.

“अगं, तो थांबलाय बहुतेक—”

“त्यांनी केलाय ना? मग बस.”

इरावती बसली. आकडा हलला. टेकडीवर आरतीची घंटा सुरू झाली, पायऱ्यांच्या वाटेवर दिव्यांची ओळ उमटली. खाली घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी टीव्हीतल्या बातम्या. अक्का मधूनमधून काच उचलून तेल घालत होती. डब्याने कशालाच हरकत घेतली नाही. पूर्ण अंधार झाला तेव्हा इरावतीने वायर काढली. अक्काने काच उचलून वात सारखी केली, आणि कुणी न सांगता रोजच्यासारखे हात जोडले.

खाली येऊन त्यांनी नानांच्या कॉम्प्युटरवर फिल्म लावली. इरावती खुर्चीच्या कडेवर बसली होती. ऊन उतरलं. सावल्या टेकडीवर चढल्या. ती जागा जवळ आली, इतकी वर्षं जिथे ठेच लागायची ती. ती जागा आली आणि गेली. आकाश निळं होत होत गडद झालं, टेकडीवर दिवे फुलले, पुढे तुळस मंद पिवळ्या उजेडात उभी होती, आणि कुठेही काहीही मोडलं नव्हतं.

“झाली,” इरावती म्हणाली.

“हे मधेमधे काय चमकतंय?” अक्काने पडद्याजवळ जाऊन विचारलं.

“तुझा हात. तेल घालतानाचा.”

“काढून टाकता येतो?”

“येतो. काढू?”

अक्काने विचार केला. “त्याने डबा गोंधळला का?”

“नाही.”

“मग राहू दे. आणि गणपतला सांग, मी यायची नाही, वर्ष व्हायचंय. पण दोनदा लावायला सांग. एकदा बघून लोकांना काही कळत नाही.” ती चष्मा पुसत परत खुर्चीवर बसली. “पुन्हा लाव बघू.”

इरावतीने पुन्हा लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं, अक्का टेकडी बघतच नव्हती. ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, तुळशीपाशी डोळे लावून बसली होती.

“काय शोधतेस, अक्का?”

“सुरुवातीला दिवा दिसत नाही. उन्हात कसा दिसेल. शेवटी चांगला दिसतो,” अक्का म्हणाली. “दिसायला लागतो कधी, ते बघून राहिले. सापडतच नाही मेलं.”

इरावतीने फिल्म मागे नेली.